अंगणातली जोंगा

‘जोंगा’ हा शब्द मराठी, हिंदी किंवा बुंदेली शब्दकोशात सापडायचा नाही. तो आमच्या गावच्या कारखान्यांत जन्मला. जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या नावातली इंग्रजी आद्याक्षरे जुळवून तो तयार झाला आणि पुढे सर्वांच्या तोंडी इतका रुळला की हा मुळात एक संक्षेप आहे, हेही विसरायला झाले. गावाचे नाव असे पोटात घेऊन फिरणारी गाडी विरळाच.

तशी एक जोंगा गेली अकरा वर्षे जबलपूरच्या तिलवाऱ्याला माझ्या अंगणात आहे. घरातून नर्मदा दिसत नाही, पण हिवाळ्यात पहाटेचे धुके नदीवरून थेट अंगणात येते आणि बोनेटच्या पत्र्यावर दव धरते. गंज म्हणजे काय ते मला त्या दवाने शिकवले. पहिले वर्ष सोडले तर या सगळ्या काळात गाडी चालत होती आणि दुरुस्तही होत होती. या वहीतली पुढची टिपणे याच पद्धतीची आहेत: घरच्या घरी, थोडे थोडे, गाडी चालती ठेवून.

जुनी स्पोर्ट्स कार घरी ठेवून सुटीच्या दिवशी तिच्यासाठी हात काळे करणारी माणसे मुंबईत आणि पुण्यात पूर्वीपासून आहेत. त्यांच्या एमजी, ट्रायम्फ रॅलीत निघाल्या की रस्त्यावरची माणसे थांबून बघतात. जोंगा त्या पंगतीत बसते का, असे मला पुष्कळदा विचारतात. माझ्या मते बसते. वर कापडी हूड, पुढे मोठे इंजिन, आणि प्रत्येक वळण चालवणाऱ्याच्या हातापायांच्या जोरावर घ्यावे लागते. स्टिअरिंगला मदत करणारा पंप नाही, ब्रेकला साहाय्य नाही. वेग मात्र तिच्याकडे मागू नये. तिचा खेळ चिखलाचा, वाळूचा आणि चढाचा आहे.

शिवाय तिचे घराणे बघा. ज्या निसान कंपनीच्या आराखड्यावरून जोंगा झाली, त्याच कंपनीने १९६९ च्या अखेरीस जपानात फेअरलेडी झेड ही स्पोर्ट्स कार आणली. परदेशात २४०झेड नावाने गेलेल्या तिच्या भावंडाला २.४ लिटरचे, एका रांगेत सहा सिलिंडर असलेले इंजिन होते. जोंगाचेही सहा सिलिंडर एका रांगेत, फक्त इंजिन वेगळे आणि बरेच थोराड. एका घरात एक मुलगी धावपटू निघावी आणि दुसरी कुस्तीगीर, तसे हे.

जबलपूरला जोंगा कशी आली हे थोडक्यात सांगते. इथली गन कॅरेज फॅक्टरी, म्हणजे आमची जीसीएफ, १९०४ सालची. तोफांचे गाडे बनवण्यासाठी उभारलेली. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना सैन्याची वाहने सरकारी आयुध कारखान्यांतच बनवण्याचे धोरण आले. १९५९ मध्ये जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर शक्तिमान ट्रक इथून बाहेर पडू लागला. निसानशी करार होऊन एक टनी ट्रक आणि पेट्रोल नावाची चारही चाकांना जोर देणारी गाडी आली. (पेट्रोल म्हणजे गस्त, इंधनाशी या नावाचा संबंध नाही, तरी गोंधळ व्हायचा तो होतोच.) या पेट्रोल गाडीचीच जबलपुरी आवृत्ती म्हणजे जोंगा. वाहनांचे काम वाढले तसा १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी, व्हीएफजे, हा स्वतंत्र कारखाना उभा राहिला. सैन्याने जोंगा माणसे वाहायला वापरली, सामान वाहायला वापरली आणि तिच्यावर १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफही बसवली. १९९६ च्या सुमारास डिझेल इंजिनाची एक नागरी आवृत्ती निघाली, पण ती फार चालली नाही. १९९९ मध्ये उत्पादन थांबले. पुढे २०१९ मध्ये महेंद्रसिंग धोनी रांचीत स्वतःच्या जोंगातून फिरताना दिसला आणि देशभरातल्या पोरांना हे नाव नव्याने कळले. आमच्या जबलपुरातल्या रांझीच्या पोरांना ते कळायची गरज नव्हती.

आता इंजिनाकडे येते, कारण गाडीचा सगळा स्वभाव तिथे आहे. ३९५६ सीसी. सिलिंडरचा बोअर ८५.७ मिलिमीटर आणि स्ट्रोक ११४.३ मिलिमीटर. या दोन आकड्यांकडे नीट बघितले तर गाडी न चालवताही ती कशी चालेल हे सांगता येते. पिस्टनचा व्यास लहान आणि त्याची धाव लांब. असे इंजिन भरभर फिरत नाही, पण अगदी मंद फिरतानाही जोर सोडत नाही. मुंबईत महिंद्रांनी बनवलेल्या जुन्या जीपमध्ये चार सिलिंडरचे २.२ लिटरचे इंजिन असे. जोंगाचे जवळजवळ दुप्पट. बरगीकडच्या चढावर वरच्या गियरमध्ये, पायाचा दाब न वाढवता ती वर चढत राहते, तेव्हा मला तो ११४.३ आकडा ऐकू येतो. या सुखाची किंमत पंपावर मोजावी लागते. माझी गाडी लिटरला पाच-सहा किलोमीटरच्या पुढे कधी गेली नाही.

मी ती घेतली तेव्हा ती सैन्याच्या लिलावातून दोन-तीन हातांतून फिरून आलेली होती. लिलावातली गाडी घेणाऱ्याने पहिल्यांदा कागद बघावेत. चासीसवर ठोकलेला क्रमांक, इंजिनावरचा क्रमांक आणि कागदावरचे दोन्ही क्रमांक अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. एमरी पेपरने रंग हळूच घासून, शेजारी टॉर्च आडवी धरून, स्वतःच्या डोळ्यांनी वाचावेत. गंजलेला पत्रा बदलता येतो, फुटलेला ब्लॉक शिवता येतो, पण न जुळणारा क्रमांक जुळवून देणारा कारागीर नाही, आणि ‘जुळवून देतो’ म्हणणाऱ्याच्या दुकानातून लगेच बाहेर पडावे.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी मोटार वाहन नियमांत वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली, व्यापारासाठी न वापरली जाणारी दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, फेरनोंदणीचे पाच हजार, मुदत दहा वर्षे. अट अशी की चासीस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, देखभाल, इंधन भरणे एवढ्यापुरतीच. रोज चालवायची गाडी या वर्गात घालू नये असे माझे मत आहे. पण ‘मोठा फेरफार नको’ ही अट मला मनापासून पटते. पेट्रोल परवडत नाही म्हणून कित्येक जोंगांची मूळ इंजिने काढून दुसऱ्या गाड्यांची डिझेल इंजिने बसवली गेली. शेतावर, खाणीवर गाडी राबवणाऱ्या माणसाला मी दोष देणार नाही. त्याला पोट आहे. हौसेने गाडी ठेवणाऱ्याने मात्र ते सहा सिलिंडर बाहेर काढू नयेत. ते काढल्यावर उरतो तो जोंगाच्या आकाराचा पत्रा.

पहिल्या वर्षी माझ्याकडून जी चूक झाली, तिच्यामुळे ही टिपणे जन्मली. मी गाडी पूर्ण उघडली. परदेशी पुस्तकांत पाहिले होते की आधी सगळे सुटे करायचे, चासीस उघडी करून रंगवायची आणि मग एकेक भाग नव्यासारखा करून परत चढवायचा. मी तसेच केले. एका महिन्यात सगळे अंगण, पडवी आणि एक खोली सुट्या भागांनी भरली. मग पाऊस आला. काळ्या मातीत विटांवर ठेवलेली चासीस एका बाजूने खचली. डब्यांवर खडूने लिहिलेली नावे पुसली गेली. सगळ्यांत वाईट म्हणजे मागच्या अॅक्सलमधले डावीकडचे आणि उजवीकडचे शिम मी एकाच डब्यात टाकले होते. शिम म्हणजे कागदासारख्या पातळ पत्र्याच्या चकत्या. क्राउन आणि पिनियन हे दोन दातेरी गियर एकमेकांत किती खोल बसावेत हे त्या चकत्या ठरवतात. अदलाबदल झाली की दात चुकीच्या जागी घासतात आणि गाडी चालताना मागून सतत रडल्यासारखा आवाज येतो. आठ महिने गाडी हलली नाही. त्यातले निदान तीन महिने मी तिच्याकडे बघणेही टाळत होते.

त्या रडण्यातून मला बाहेर काढले एका निवृत्त फिटरने. ते रांझीला राहतात आणि आयुष्यभर अॅक्सलच्याच कामावर होते. त्यांनी बाजारातून शेंदूर मागवला. मारुतीला लावतात तोच, शिशाचा. तेलात कालवून तो क्राउनच्या आठ-दहा दातांना पातळ लावला, पिनियन हाताने फिरवला आणि मला दाखवले: शेंदूर जिथून पुसला गेला तिथे दात टेकतात. ठसा दाताच्या मधोमध, थोडा टोकाकडे हवा. आमचा अगदी कडेला होता. एक शिम इकडचा तिकडे, पुन्हा शेंदूर, पुन्हा ठसा. दोन दिवस हेच चालले. दिवस संपला की ते हात साबणाने तीनदा धुवायला लावत, कारण शिसे पोटात जाता कामा नये. तिसऱ्या दिवशी ठसा मधोमध आला. जाता जाता ते म्हणाले, “बिटिया, पहले रुके, फिर चले.” आधी थांबली पाहिजे, मग चालली पाहिजे. अॅक्सल झाला म्हणून इंजिनाकडे वळू नकोस, ब्रेकला हात घाल, असा त्याचा साधा अर्थ होता. त्या वाक्यावर या वहीची सगळी मांडणी उभी आहे.

म्हणून क्रम असा: ब्रेक, स्टिअरिंग, मग इंधन, मग पाणी आणि वीज, मग इंजिन, मग पत्रा, आणि रंग सगळ्यांच्या शेवटी. एका वेळी एकच भाग उघडायचा आणि तो बसवून गाडी चालवून बघितल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. रंग आधी करण्याचा मोह फार होतो, कारण शेजारीपाजारी रंग बघून कौतुक करतात. ताज्या रंगाखाली गळका व्हील सिलिंडर असलेली गाडी मी पाहिली आहे. तिलवारा घाटाच्या उतारावर संक्रांतीच्या जत्रेची गर्दी असताना ती गाडी माझ्या हातात नव्हती याबद्दल मी आजही नर्मदामाईला हात जोडते.

ब्रेकवर मी सर्वांत जास्त पाने खर्च केली आहेत. चारही चाकांना ड्रम आहेत. माझ्या गाडीत एकच मास्टर सिलिंडर एकाच मार्गाने सगळीकडे तेल ढकलतो, त्यामुळे एका चाकातला रबरी कप फाटला तरी चारही चाकांचे ब्रेक जातात. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा ओढून घेते. नदीकाठच्या गावात तर जास्तच. त्या पाण्याने सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंजाचे खड्डे पडतात आणि नवा कप बसवला तरी आठवड्यात फाटतो. उपाय लेथवर आहे: बोअर मोठा करून आत स्टीलची किंवा पितळेची बाही दाबून बसवायची आणि ती मूळ मापाला आणायची. रिछाईच्या औद्योगिक वस्तीत हे काम करणारे हात मिळतात. ज्या गावात पन्नास-साठ वर्षे तोफांचे आणि ट्रकचे भाग कातले गेले, तिथल्या लेथवाल्याला शंभरांश मिलिमीटर म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही, आणि दुरुस्ती करणाऱ्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे हे मला दुसऱ्या शहरांतल्या मित्रांची धावपळ बघून कळते. ब्रेक उघडताना एक काळजी मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असते. ड्रममधली काळी भुकटी फुंकू नका, हवेच्या पाइपने उडवू नका. ओल्या फडक्याने टिपा, फडके पिशवीत बांधून टाका, तोंडावर मास्क असू द्या. माझ्या मिस्त्र्यांच्या आधीच्या पिढीने ती धूळ वर्षानुवर्षे छातीत घेतली आहे.

इंधनाचा प्रश्न नवा आहे आणि जुन्या पुस्तकांत त्याचे उत्तर नाही. २०२५ पर्यंत देशभरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले. इथेनॉल पाणी ओढते. पावसाळाभर गाडी उभी राहिली, की ते पाणी टाकीच्या तळाशी जमते, पत्रा आतून सडतो आणि गंजाचे पापुद्रे नळीतून कार्ब्युरेटरपर्यंत येतात. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात, मऊ होतात, आणि गरम इंजिनाजवळ पेट्रोलची नळी मऊ होणे म्हणजे आग. त्यातच इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडते, इंजिन तापते, चढावर अडखळते. मी टाकी उतरवून धुतली, सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घेतल्या, पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर बसवला आणि मुख्य जेट एक माप मोठा केला. आषाढ लागायच्या आत टाकी जवळजवळ रिकामी करून ठेवते. फिल्टरमध्ये तांबूस गाळ दिसला की पुन्हा टाकी उघडायची. यात कंटाळा चालत नाही.

पाणी आणि वीज यांबद्दल इथे फार लिहीत नाही. रेडिएटर रॉडिंग करून, म्हणजे नळ्यांत सळई घालून साफ करून घ्यावा. वायरिंगचे जुने कापडी आवरण बोटात चुरा होत असेल तर जोडत बसू नये, सगळे बदलावे आणि प्रत्येक फाट्याला फ्यूज द्यावा.

इंजिन मी आजवर पूर्ण उघडलेले नाही. ऐकून लोक निराश होतात. पण टॅपेटची फट फीलर गेजने नीट लावली, पॉइंट साफ केले, प्लगच्या तारा १-५-३-६-२-४ या क्रमाने बसल्या आहेत याची खात्री केली, तेवढ्यावर ते जे शांत झाले ते अजून शांत आहे. सहाही सिलिंडरचा दाब मोजून मी दर दिवाळीत तारखेसह लिहून ठेवते. आकडे एकमेकांच्या जवळ आहेत तोवर हेड उघडायचे कारण नाही. ‘उघडलेच आहे तर करून टाकू’ हे वाक्य जुन्या गाड्यांचा जितका नाश करते तितका गंजही करत नाही.

पत्र्याचे काम करताना मला एक गोष्ट सापडली, ती मी कुठेच वाचली नव्हती. मागच्या फर्शीखाली, रंगाच्या थरांच्या आत, एका बोल्टच्या डोक्यावर पिवळ्या रंगाचा एक ठिपका होता. हा बोल्ट आवळला, मी बघितला, अशी कारखान्यातल्या कुणाची तरी खूण. मग मी शोधतच गेले. अकरा बोल्टांवर ठिपके सापडले, आणि एकावर दोन. तो दोनदा तपासला असेल. त्या बोल्टांना मी लांबी, रेड ऑक्साइड, रंग काहीच लावले नाही. वरून फक्त पारदर्शक वार्निशचा हात दिला. फिटरकाकांना दाखवायला बोलावले तेव्हा ते गाडीखाली पाठीवर झोपून बराच वेळ टॉर्चने बघत राहिले. ठिपका कुणाचा असेल यावर ते काही बोलले नाहीत. फक्त, दोन ठिपके रात्रपाळीत पडायचे, एवढे म्हणाले.

त्या दिवसापासून मी त्यांच्यासारख्या लोकांकडे वही घेऊन जाऊ लागले. शक्तिमान १९९६ मध्ये बंद झाला, जोंगा १९९९ मध्ये. २०२१ च्या ऑक्टोबरात आयुध कारखान्यांच्या जुन्या मंडळाच्या सात कंपन्या झाल्या आणि व्हीएफजे आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे गेली. जोंगाच्या जुळणीवर काम केलेला जो माणूस उत्पादन थांबले तेव्हा पंचविशीत होता, तोही आज पन्नाशीच्या पुढे गेला आहे. माप पुस्तकात मिळते. पण नट शेवटचा पाव फेरा कधी आवळायचा नाही, कोणता बोल्ट आधी सैल करून मग दुसरा काढायचा, शेंदूर किती पातळ कालवायचा, हे त्यांच्या मनगटात आहे. मला सांगताना ते हिंदीत सांगत, मी मराठीत लिहून घेई, आणि घरी येऊन गाडीवर करून बघितल्याखेरीज कोणतेही टिपण पक्के करत नसे. ज्यांनी सांगितले त्यांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार इथे नाहीत.

पाने त्यामुळे सारखी नाहीत. ब्रेकची टिपणे एकशेचाळीस, हूडच्या कापडाची दोन. काही ठिकाणी एकाच कामाच्या दोन पद्धती दिल्या आहेत, कारण दोन फिटरांनी दोन सांगितल्या आणि दोन्ही चालल्या. जोंगा नसलेल्यांनाही ही वही उपयोगी पडेल. जुनी जीप, फियाट, हेराल्ड किंवा एखादी एमजी ज्यांच्या अंगणात आहे त्यांनी मापे आपल्या गाडीची घ्यावीत, क्रम हाच ठेवावा. डोक्याखाली गोणपाट, शेजारी डबे, प्रत्येक डब्यावर ऑइलपेंटने नाव. खडूने लिहू नये. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये; गाडी लोखंडी घोड्यांवर टेकवावी, हलवून बघावी आणि मगच खाली शिरावे.

पहिले टिपण मागच्या डाव्या चाकाचे आहे. ते वाचायला घ्याल तेव्हा आधी अंगणात जाऊन बाकीच्या तीन चाकांना पुढूनमागून दगड लावून या.